म्हातारपणाची तजवीज: घाण्यापासून बितुआखपर्यंत



आपल्या समाजाच्या इतिहासावर बोलणं निघालं की नवगावजवळ फुटलेलं गलबत येतं, सात जोडपी येतात, शनवार तेली येतात, मग दिवेकरांनी मांडवीत बांधलेली जुनी मशीद येते आणि तिथून विमान थेट लोदला उतरतं. या सगळ्या वाटेवर एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. हात चालेनासे झाले की ही माणसं खात काय होती?

मी आयुष्यभर नर्सचं काम केलं. पहिली काही वर्षं मुंबईत, बाकी सगळी इथे इस्राएलमध्ये. वॉर्डात रात्री झोप न येणारी म्हातारी माणसं आजारापेक्षा पैशाबद्दल जास्त बोलतात, हे मी तिथेही पाहिलं आणि इथेही. आपली बेने इस्राएल आजी कॉटवर असली की मला मराठीत हळूच विचारायची, “बाळ, ह्या औषधाला कुपातून किती कापतील गं?” म्हणून वाटलं, ह्या काळजीचाही इतिहास एकदा लिहून ठेवावा.

आणखी एक कारण आहे. इथे जन्मलेली आपली मुलं कधीकधी म्हणतात, आपल्या म्हाताऱ्यांना साठवायची अक्कलच नव्हती, सगळं लग्नात आणि मलिद्यात घातलं. हे मला पटत नाही. लग्नात खर्च केला हे खरं. पण साठवलंही होतं, आणि पुष्कळ साठवलं होतं. ते गेलं कुठे, हीच तर गोष्ट आहे.

कोकणात आपले लोक तेल गाळत होते, थोडी शेती करत होते. अलिबाग, पेण, रोहा, पनवेल, रेवदंडा, मुरूड ह्या पट्ट्यात ज्याचा घाणा त्याचं घर. नगद पैसा फार नसायचा. म्हातारपणाची तजवीज म्हणजे घाणा, बैल, चार माडाची झाडं आणि मुलगे. बाप बसून राहिला तरी घाणा त्याच्याच नावावर, त्यामुळे ताटात पहिली भाकरी त्याला. ह्या व्यवस्थेत एक मोठी खोट होती, ती म्हणजे ज्याला मुलगा नाही त्याचं काय. आणि विधवेचं काय. भावकी चांगली असली तर ठीक. त्या काळाबद्दल फार गोड बोलायची आपल्याकडे सवय आहे, पण बिनमुलाच्या विधवेला घाण्याच्या कोपऱ्यात काय वाट्याला येत असेल त्याचा अंदाज कोणत्याही नर्सला करता येतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपली माणसं कंपनी सरकारच्या फौजेत जाऊ लागली. १७९६ साली मुंबईत पहिली मशीद बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर हे फौजेतलेच. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ती बांधली, हे आपण सगळे जाणतो. फौजेने आपल्याला हुद्दे दिले, पदकं दिली, त्याचा अभिमान सगळे सांगतात. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आपला इतिहास, जो पुढे १९३७ साली तेल अवीवला छापला गेला, त्यातही आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना मोठी जागा आहे. पण माझ्या मते फौजेने आपल्या घरांत आणलेली सगळ्यात मोठी नवी वस्तू पदक नव्हती, पेन्शन होती. महिन्याच्या महिन्याला, पाऊस पडो न पडो, मुलगा बरा निघो न निघो, सरकारकडून येणारी रोख रक्कम. तेल्याच्या घरात अशी वस्तू त्याआधी कोणी पाहिली नव्हती.

त्याने पुष्कळ गोष्टी बदलल्या. सुभेदार, जमादार निवृत्त होऊन अलिबागला, पनवेलला परत यायचे, पक्कं घर बांधायचे, गावात मान असायचा. मुलांना शाळेत घालायची ऐपत त्यातून आली. १८७५ साली केहिमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत शाळा काढली (हीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली), तिच्यात येणारी पुष्कळ मुलं फौजी घरांतली होती. शिकलेला मुलगा कारकून झाला, की तो पुन्हा पेन्शनीची नोकरीच शोधणार. आपल्या लोकांना धंद्यात डोकं नाही असं म्हणतात. मला वाटतं, ज्या घराने एकदा पेन्शन पाहिलं ते घर दुकान थाटायला भिणारच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फौजेत जातीजमातीच्या पलटणी आणि कंपन्या आल्या. आपण इतके थोडे की आपली स्वतंत्र कंपनीही उभी राहीना. फौजेचं दार हळूहळू बंद झालं. मग रेल्वे, पोस्ट, तार, कस्टम, पोलीस, सार्वजनिक बांधकाम, इस्पितळं. परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपपासून इगतपुरी, अजमेर, कराचीपर्यंत जिथे रेल्वे तिथे आपलं एखादं घर. बाया शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. डॉ. जेरुशा झिराड कामा इस्पितळाच्या प्रमुख झाल्या तो काळ हाच, १९२८ ते १९४७. आमच्या पिढीच्या किती मुलींना त्यांचं नाव सांगून नर्सिंगला घातलं त्याची गणतीच नाही. “बाईमाणसाला हातात पगार हवा आणि पगारामागे फंड हवा,” हे माझ्या आजीचं वाक्य. आजी स्वतः शाळेत चौथीपर्यंत गेलेली.

हा फंड म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. १९२५ च्या कायद्याने सरकारी आणि रेल्वेच्या फंडांना नीट संरक्षण मिळालं. सावकाराला किंवा कोर्टाला त्याच्यावर जप्ती आणता येत नसे. १९५२ साली कारखान्यांसाठी वेगळा कायदा आला. सुरुवातीला गिरण्यांसह सहाच उद्योग होते आणि पगारातून सव्वासहा टक्के कापत, तेवढेच मालक घालत असे. पेन्शन आणि फंड यांतला फरक आपल्या लोकांना पक्का ठाऊक होता. पेन्शन महिन्याला येतं पण माणूस गेला की बहुधा तेही जातं, कारण सरकारी नोकरांसाठी सर्वांना लागू होईल अशी कुटुंब पेन्शनची योजना यायला १९६४ उजाडलं. फंड एकरकमी मिळतो, तो विधवेलाही मिळतो, पण एकरकमी मिळालेल्या पैशाला पाय असतात. मुलीचं लग्न, धाकट्याची फी, गावच्या घराचं छप्पर.

रेल्वेत १९५७ मध्ये पेन्शन आलं आणि जुन्या नोकरांना विचारलं, फंडात राहता की पेन्शन घेता? माझ्या वडिलांनी हा कागद कितीतरी रात्री पुढ्यात घेऊन हिशोब केला होता, असं आई सांगायची. त्यांनी पेन्शन घेतलं. त्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या आपल्याच समाजातल्या गृहस्थांनी फंड ठेवला, कारण त्यांच्या डोक्यात तेव्हाच इस्राएल होतं. फंड काढून घेता येतो, पेन्शन बोटीवर चढत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोघांपैकी शहाणा कोण, ते पुढे बघा.

फंडाशिवाय काय होतं? पोस्टाचं बचत खातं, जे १८८२ पासून देशभर होतं. विम्याची पॉलिसी, जी १९५६ नंतर सगळ्यांची आयुर्विमा महामंडळाकडे गेली. चाळीतली भिशी. आणि सोनं. पाटल्या, गोफ, पुतळ्यांची माळ, मंगळसूत्र. सोनं हेच खरं बायकांचं पेन्शन होतं, कारण बाकी प्रत्येक कागदावर नाव नवऱ्याचं असायचं.

आता आलियाकडे येते. १९५१ च्या सुमारास भारतात आपण जवळजवळ वीस हजार होतो. त्यातले बहुतेक पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत इथे आले. तरुण माणसं आली त्यांचं एक. पण चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसं आली त्यांचं काय झालं, ते नीट समजून घ्यायला दोन आकडे लक्षात ठेवा. भारतात सरकारी नोकराचं निवृत्तीचं वय १९६२ पर्यंत पंचावन्न होतं, मग अठ्ठावन्न झालं. इस्राएलमध्ये पुरुषांसाठी ते पासष्ट होतं आणि बायकांसाठी साठ. म्हणजे मुंबईत सन्मानाने निरोप घेतलेला, हार घातलेला, घड्याळ भेट मिळालेला पंचावन्न वर्षांचा हेडक्लार्क इथे उतरला की तो म्हातारा नव्हताच. त्याला अजून दहा वर्षं काम करायचं होतं. भाषा येत नाही, इंग्रजीला विचारत नाहीत, म्हणून हाती फावडं. दिमोना, बेअरशेवा, किर्यात गात, जिथे बस सोडेल तिथे. रस्त्याच्या कडेला झाडं लावायची, नाहीतर कापडगिरणीत झाडू मारायचा. जो माणूस मुंबईत निवृत्त होता तो इथे हंगामी मजूर झाला. आपल्या कित्येक आजोबांचा हा सगळ्यात मोठा अपमान होता आणि त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. १९६२ ते १९६४ मध्ये लग्नाच्या प्रश्नावर आपण जो लढा दिला तो सगळ्यांना माहीत आहे. हा दुसरा अपमान कोणत्या मोर्चात आला नाही.

बितुआख लेउमी, म्हणजे राष्ट्रीय विमा, इथे १ एप्रिल १९५४ पासून सुरू झाला. त्यात म्हातारपणाचा भत्ता होता, विधवेचा होता, बाळंतपणाचा होता. मुंबईहून आलेल्या माणसाला हे स्वप्नासारखं वाटावं, सरकारी नोकर नसलेल्यालाही सरकार पैसे देणार! पण नियम होते. विमा भरलेली वर्षं लागत. साठीच्या पुढे आलेला माणूस ह्या विम्यात बसतच नव्हता. पुढे अशा उशिरा आलेल्यांसाठी सरकारच्या तिजोरीतून वेगळा भत्ता आला, पण तो हक्काचा कमी आणि गरजेचा जास्त, दुसरं उत्पन्न दिसलं की कापला जाणारा. वर्षांची बढतीही होती आणि आजही आहे. पहिली दहा वर्षं सोडून पुढच्या प्रत्येक वर्षाला दोन टक्के, जास्तीत जास्त पन्नास टक्के. हिशोब करा. पस्तीस वर्षं विमा असेल तरच पूर्ण पन्नास. पंचावन्नाव्या वर्षी आलेल्याला पासष्टीला त्यातलं शून्य. मुंबईतली तीस वर्षांची नोकरी इथल्या कोणत्याही रकान्यात मावत नव्हती.

मग बरोबर आणलेल्या पैशाचं काय? तो आणताच येत नव्हता. परकीय चलनाच्या नियमांमुळे देश सोडताना हातात अगदी थोडी रक्कम नेता यायची. फंडाचे पैसे रुपयांत मिळत आणि रुपयांतच तिथे अडकत. कोणी भावाकडे ठेवले, कोणी बँकेत, कोणी “परत आलो तर” म्हणून ठाण्याला खोली घेतली. ६ जून १९६६ ला एका दिवसात रुपया घसरला. आदल्या दिवशी डॉलरला पावणेपाच रुपये पडत होते, त्या दिवसापासून साडेसात. ज्यांनी मुंबईत ठेव ठेवून इथल्या लिरांत हिशोब केला होता त्यांची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम झोपेत गेली. सोनं अंगावर घालून आणलं तेवढं आलं. ते इथे फ्रीज आणि सोफ्यासाठी मोडलं गेलं, तेही पडत्या भावात, कारण भारतीय घडणीचं सोनं इथले सोनार नाक मुरडून घेत.

आता ते दोन शेजारी. ज्या गृहस्थांनी फंड ठेवला त्यांचे पैसे असे अडकून, घसरून, भावकीत विरून गेले. माझ्या वडिलांचं पेन्शन मुंबईच्या बँकेत दर महिन्याला जमा होत राहिलं. ते इथे आमच्याकडे आले तेव्हा मात्र दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला पाठवायची पंचाईत. भारताची इथे वकिलातच नव्हती, ती आली १९९२ साली पूर्ण राजनैतिक संबंध झाल्यावर. त्याआधी नोटरी, शिक्के, इंग्रजी भाषांतर आणि पोस्टाच्या कृपेवर सगळं. एका वर्षी कागद हरवला तर कचेरीने बाबांना मेलेलंच धरलं आणि सात महिने पैसे थांबवले. “मी जिवंत आहे हे मलाच सिद्ध करायला लागतंय,” म्हणून ते हसायचे. आई हसत नसे. तेव्हा दोघांपैकी शहाणा कोण हे मला अजून नीट सांगता येत नाही. बाबांचं पेन्शन रुपयांतच राहिलं, पण ते येत राहिलं. मुंबईला लग्नाकार्याला गेलो की बाबा स्वतःच्या खिशातून आहेर करायचे. त्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं.

इथल्या पगारातून साठवलेल्या लिरांची कथा आणखी वेगळी. १९८० साली लिरा जाऊन शेकेल आला, दहा लिरांचा एक शेकेल. १९८५ मध्ये नवा शेकेल आला, हजार जुन्यांचा एक. म्हणजे दहा हजार लिरांचा एक नवा शेकेल. सत्तरच्या सुरुवातीला दहा हजार लिरा म्हणजे एखाद्या कामगाराची वर्षाहून जास्त कमाई. ज्याने त्या नुसत्या खात्यात ठेवल्या त्याच्याकडे शेवटी एका पिठा ब्रेडचे पैसे उरले. बँका निर्देशांकाला बांधलेल्या ठेवी देत होत्या, हिब्रूत त्याला हात्स्मादा म्हणतात. पण हे समजायला वर्तमानपत्र वाचता यायला हवं होतं. आपल्या घरातले वडीलधारे पोस्टाच्या पासबुकावर वाढलेले. खात्यात आकडा आहे ना, मग पैसे आहेत, असा त्यांचा विश्वास. आणि ज्यांना कोणी सल्ला दिला त्यातल्या काहींना बँकांचेच शेअर घ्यायला सांगितलं. ऑक्टोबर १९८३ मध्ये ते शेअर कोसळले, बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. सरकारने हमी दिली म्हणून ज्यांना वर्षानुवर्षं थांबता आलं त्यांना बरंचसं मिळालं. ज्यांना मुलीचं लग्न समोर होतं त्यांनी मिळेल त्या भावात विकलं.

मी १९८४ मध्ये आले. त्या एका वर्षात महागाई ४४५ टक्के. उल्पानमध्ये आम्हाला आकडे शिकवायचे, आणि दुकानात गेलं की ते आकडे आठवड्याने बदललेले. पगार झाला की त्याच दिवशी तेल, तांदूळ, साबण भरून टाकायचं. बचत हा शब्द हिब्रूत शिकले, हिसाखोन, पण त्याचा उपयोग दोन वर्षं झाला नाही. जुलै १९८५ मध्ये सरकारने कडक योजना आणली तेव्हा कुठे किंमती थांबल्या.

ह्या सगळ्यात खरा फरक एका शब्दाने पडला, तो म्हणजे क्वियूत, कायम नोकरी. ज्याला क्वियूत मिळाली, हिस्ताद्रुतच्या युनियनमध्ये ज्याचं नाव आलं, त्याचे पैसे मिव्ताखीमसारख्या पेन्शन फंडात जाऊ लागले. लोदच्या विमान कारखान्यात, बंदरावर, वीज मंडळात, नगरपालिकेत जे आपले लोक लागले ते सुटले. रेल्वे वर्कशॉपमध्ये हात बसलेल्या फिटर, टर्नर मंडळींनी कारकुनांपेक्षा इथे चांगलं केलं. मुंबईत ज्यांना “काळ्या हाताचे” म्हणायचे त्यांची म्हातारपणं पांढऱ्या शर्टवाल्यांपेक्षा सुखात गेली, ही मला इतिहासाची गंमत वाटते.

ज्यांना क्वियूत मिळाली नाही ते दर काही महिन्यांनी काढले जायचे आणि पुन्हा घेतले जायचे. १९६३ च्या कायद्याने नोकरीवरून काढताना वर्षाला एक महिन्याचा पगार, पित्सुयीम, द्यावा लागे. तो पैसा खरं तर म्हातारपणाचा. पण मधल्या बेकारीत तोच खाल्ला जाई.

आणि बायका. ह्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात जरा थांबतो. आपल्या कितीतरी आया, मावश्या, आत्या इथे येऊन लोकांची घरं साफ करायला जात. मुंबईत ज्यांच्या स्वतःच्या घरी धुणंभांडी करायला बाई यायची त्या इथे जिना पुसत. पैसे हातात, रोख, लिफाफ्यात. तलूश नाही, म्हणजे पगाराची चिठ्ठी नाही. कायद्याने घरकामाच्या बाईचा बितुआख भरायला हवा, आठवड्याला एक तास काम असलं तरी. कितींनी भरला? माझी एक आत्या तेवीस वर्षं चार घरी जात होती. तिच्या नावावर एक महिनाही नोंदलेला नव्हता. नवरा गेल्यावर तिला विधवेचा भत्ता आणि गरजू म्हणून वर थोडी भर, एवढंच. बॅलन्स शीट कोणी मांडत असेल तर त्या तेवीस वर्षांना कुठे मांडायचं?

तिला एकाच गोष्टीने तारलं, ते म्हणजे घर. आलेल्या लोकांना अमिदारची घरं भाड्याने मिळाली होती. पुढे ती भाडेकरूंना सवलतीत विकली गेली. आपल्यातल्या पुष्कळांनी पै पै करून ती घेतली. अडीच खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आज तीच बहुतेकांची एकमेव मोठी ठेव आहे. मुलं म्हणतात साठवलं नाही, पण त्याच घराच्या आधारावर मुलांची कर्जं उभी आहेत. फक्त घर ताटात वाढता येत नाही आणि गुडघे गेल्यावर तिसरा मजला चढता येत नाही.

ज्यांना फंड मिळाला तेही सगळे निश्चिंत नव्हते. हिस्ताद्रुतच्या फंडांनी जितकं वचन दिलं होतं तितके पैसे त्यांच्याजवळ नव्हतेच. १९९५ मध्ये जुने फंड नव्या सभासदांना बंद केले आणि २००३ मध्ये सरकारने ते ताब्यात घेतले. मोठी मदत ओतली आणि त्याबरोबर हक्कही छाटले. २००४ मध्ये निवृत्तीचं वय वाढलं, पुरुषांचं सदुसष्ट, बायकांचं बासष्ट. त्या वर्षी वॉर्डात आमच्या एका मोलकरीण बाईने, येमेनी होती बिचारी, दोन वर्षं जास्त फरशी पुसायची म्हणून रडून घेतलं. २०२१ च्या कायद्याने बायकांचं वय पुन्हा हळूहळू पासष्टकडे चाललं आहे. १९७० किंवा नंतर जन्मलेल्या आपल्या मुली-सुनांनी हे ध्यानात ठेवावं.

माझं स्वतःचं विचाराल तर मी नशीबवान. सरकारी इस्पितळात लागले आणि जुन्या पद्धतीच्या पेन्शनमध्ये बसले, जी सरकार थेट तिजोरीतून देतं. वर्षाला दोन टक्के, पस्तीस वर्षांना सत्तर. २०२० मध्ये, ऐन कोरोनात, पस्तीस पुरी करून बाहेर पडले. पण सत्तर टक्के कशाचे? मुलं लहान असताना मी पाऊण नोकरी केली, मग बाबा अंथरुणाला खिळले तेव्हाही. त्या सगळ्याची सरासरी काढतात. जादा तासांचे पैसे धरत नाहीत. नर्सच्या पगारातला किती भाग जादा तासांचा असतो ते नर्सलाच विचारा. मूल सांभाळणारी, सासरा सांभाळणारी बाई पेन्शनमध्ये पुन्हा एकदा त्याची किंमत देते, इथेही आणि मुंबईतही. मुंबईतल्या माझ्या पाच वर्षांचं पेन्शन बसलं नाही, फंड मिळाला. त्यात आईला कपाट घेतलं.

आमच्यानंतर नोकरीत आलेल्या नर्सेसना ही जुनी पेन्सिया नाही. त्यांचे पैसे बाजारात जातात आणि बाजाराबरोबर वरखाली होतात. २००८ पासून मात्र एक चांगलं झालं. इथे प्रत्येक पगारदारासाठी पेन्शन सक्तीचं झालं, युनियन असो नसो. सुरुवात एकूण अडीच टक्क्यांनी झाली, आज ते साडेअठरावर आलं आहे. सहा कामगाराचे, साडेसहा मालकाचे आणि सहा पित्सुयीमचे. यात घरकाम करणारी बाईही येते, म्हाताऱ्यांची सेवा करणारी मेतापेलेतही येते. १९८८ पासून सिऊदचा विमा सुरू झाल्यावर आपल्या कितीतरी बायका ह्या कामात आहेत, कित्येक स्वतः साठी उलटून. तलूश मागून घ्या. मालकीण कितीही प्रेमळ असली, सणाला हलवा पाठवत असली, तरी तलूश मागा. बितुआखचा म्हातारपणाचा मूळ भत्ता आज एकट्या माणसाला साधारण अठराशे शेकेलच्या घरात आहे. अश्दोदला त्यात अर्ध्या घराचं भाडंही होत नाही.

एक कामाची गोष्ट सांगते. कारखाने बंद पडले, फंडांची नावं बदलली, माणसं विसरली. अशा बेवारस पडलेल्या खात्यांचा शोध घ्यायला सरकारने ‘हार हाकेसेफ’ नावाची सोय केली आहे, तेऊदात जेहूतचा नंबर घालून बघता येतं. गेलेल्या माणसाच्या नावानेही शोध घेता येतो. आमच्या ओळखीच्या एका विधवेला नवऱ्याचं गिरणीतलं जुनं कुपात गेमेल असंच सापडलं. फार नव्हतं, पण दातांची कवळी झाली आणि थडग्याचा दगड झाला. ज्यांना हिब्रू वाचणं जड जातं त्यांना मी बसून मदत करते, मंगळवारी सकाळी.

आणि एक मागणी. घरात कपाटावर, ट्रंकेत आजोबा-पणजोबांचं सर्व्हिस बुक, फौजेतले पेन्शनचे कागद, फंडाची चिठ्ठी, हयातीच्या दाखल्याची प्रत असं काही असेल तर टाकू नका. फोटो काढून मला पाठवा, मोडी असली तरी चालेल. नाव नको असेल तर छापणार नाही. पदकांचे फोटो माझ्याकडे ढीगभर आलेत, पेन्शनच्या कागदांचे आतापर्यंत फक्त तीन.